मुंबईहून गाडीने एका दिवसाची सहल : पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

नोकरीनिमित्त लातूरहून मुलुंडला राहायला आल्यानंतर वर्षभराने आम्ही एक जुनी चारचाकी घेतली आणि पहिली सहल अलिबागची ठरवली. नकाशावर अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास दिसत होते. लातूरहून सोलापूरला त्याहून मोठा पल्ला आम्ही अडीच तासांत गाठत असू, त्याच हिशेबाने शनिवारी सकाळी पोहे-चहा आटोपून साडेनऊला निघालो. पनवेल ओलांडेपर्यंतच अकरा वाजून गेले, वडखळला दीड वाजला आणि अलिबागच्या किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा अडीच वाजले होते. ओहोटीला चालत गाठता येणारा कुलाबा किल्ला समोर दिसत होता, पण मधल्या वाटेवर छातीभर पाणी होते. शहाळी विकणाऱ्या मावशींनी आईला विचारले, "तिथी बघून नाही का निघालात?" उपास-तापास पाळणाऱ्या आईला त्या दिवशी षष्ठी आहे हे तोंडपाठ होते. "मग दहाला यायचं होतं," मावशी म्हणाल्या आणि शहाळे सोलू लागल्या. परतताना घरी पोहोचायला रात्रीचे अकरा वाजले.

त्यानंतर आई-बाबा आणि दोन मुलांना घेऊन अशा बऱ्याच सहली केल्या. मुंबईत नव्याने आलेल्या किंवा नुकतीच गाडी घेतलेल्या कुटुंबांसाठी त्या अनुभवातून जमलेला क्रम पुढे देत आहे.

१. आधी परतीची वेळ ठरवा

मुंबईबाहेर जाणे तुलनेने सोपे असते. खरी परीक्षा परत येताना होते. दोन दिवसांसाठी गेलेले लोक रविवारी दुपारनंतर एकाच वेळी शहराकडे वळतात आणि पनवेल, ठाणे व वसई या तिन्ही बाजूंचे रस्ते संध्याकाळी पाचपासून रात्री उशिरापर्यंत भरलेले असतात. म्हणून बेत आखताना उलटा हिशेब करावा. शहराच्या वेशीवरचा नाका दुपारी चारच्या आत ओलांडायचा असेल, तर सहलीचे ठिकाण दीड-दोनला सोडावे लागते; तिथे चार-पाच तास हवे असतील, तर सकाळी साडेआठ-नऊला पोहोचावे लागते आणि त्यासाठी घरातून पहाटे साडेपाच-सहाला निघावे लागते. मुंबईकराची एका दिवसाची सहल ही बहुधा सूर्योदयापासून दुपारच्या जेवणापर्यंतच असते, हे एकदा मान्य केले की बाकीचे प्रश्न पुष्कळ सोपे होतात.

शनिवार आणि रविवार यांपैकी निवड करायची असेल तर शनिवार निवडावा. सकाळी बाहेर पडणारी गर्दी त्या दिवशी जास्त असते, परंतु ती उजाडण्यापूर्वी निघून टाळता येते. रविवारच्या परतीची गर्दी टाळण्याचा तसा उपाय नाही. जोडून आलेल्या सुट्ट्या आणि वर्षाअखेरचा आठवडा यांच्या वाटेला मी जात नाही. गणेशोत्सवाच्या आधीचे तीन-चार दिवस गोवा महामार्ग गावाकडे निघालेल्या चाकरमान्यांचा असतो, त्या दिवसांत पेण-वडखळच्या बाजूला सहलीसाठी जाऊच नये.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे मोबाइलच्या नकाशावर रात्री अकराला पाहिलेली वेळ. रिकाम्या रस्त्यावर दोन तास दाखवणारा प्रवास शनिवारी सकाळी साडेतीन तासांचा झालेला असतो. नकाशात निघण्याची वेळ व वार भरून अंदाज पाहावा आणि त्यात पाऊण तास आणखी धरावा. जाण्याचा प्रवास तीन तासांहून अधिक दिसत असेल, तर ते ठिकाण मुक्कामाच्या सहलीसाठी राखून ठेवावे. मुरुड-जंजिरा, भंडारदरा आणि महाबळेश्वर याच कारणाने या लेखात नाहीत.

२. आपल्या जवळचा नाका पाहून दिशा निवडा

मुंबई ही लांबट, चिंचोळी नगरी आहे. बोरिवलीत राहणारा माणूस अलिबागला निघाला, तर त्याचा पहिला तास-सव्वा तास शहर ओलांडण्यातच जातो आणि सहलीचा पहिला चहा चेंबूरलाच होतो. म्हणून "कुठे जायचे" याच्या आधी "कोणत्या नाक्यातून बाहेर पडायचे" हे ठरवावे.

दहिसरच्या बाजूने निघणाऱ्यांना वसईचा किल्ला, तुंगारेश्वर, वज्रेश्वरी-गणेशपुरी आणि केळवे सोयीचे आहे. मुलुंड आणि ठाण्याच्या बाजूने अंबरनाथचे शिवमंदिर, टिटवाळा, आसनगावजवळचा माहुली किल्ला आणि कसाऱ्याकडचा रस्ता जवळ पडतो. वाशी किंवा ऐरोलीमार्गे निघणाऱ्यांसाठी पनवेल हे दाराशी आहे आणि तिथून कर्नाळा, कर्जत-नेरळ, खोपोली, पाली व अलिबाग असे पाच फाटे फुटतात. दक्षिण मुंबईत राहणाऱ्यांना १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला अटल सेतू शिवडीहून थेट उरणच्या बाजूला नेऊन सोडतो. सुमारे २१.८ किलोमीटरच्या या पुलासाठी चारचाकीला एकेरी २५० रुपये टोल आहे आणि त्यावर दुचाकी व रिक्षांना बंदी आहे. दुचाकींना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही प्रवेश नाही, त्यामुळे त्यांनी पनवेलनंतर जुन्या महामार्गानेच जावे.

ठाण्याहून वसई-विरारकडे जायचे असेल तर घोडबंदर रस्ता पहाटेच ओलांडावा. गायमुखच्या चढावर एखादा ट्रक बंद पडला की मागची रांग किती लांबेल याला काही हिशेब राहत नाही. हा अनुभव मी दोनदा घेतला असून तिसऱ्यांदा घेण्याची इच्छा नाही.

३. पहिल्या सहलीसाठी सोपे ठिकाण निवडा

वज्रेश्वरी-गणेशपुरी. सुरुवात करणाऱ्यांसाठी मी हेच ठिकाण आधी सुचवतो. अंतर साधारण ७५ किलोमीटर आहे, घाट नाही आणि अहमदाबाद महामार्गावर शिरसाड फाट्याला उजवीकडे वळल्यानंतर रस्ता चुकण्यासारखा नाही. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी केलेल्या नवसातून वज्रेश्वरीचे मंदिर उभे राहिले, अशी तिथली माहिती आहे. म्हणून परतताना १७३९ साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून जिंकलेला वसईचा किल्ला पाहिला की दोन्ही टोके जुळतात आणि मुलांना गोष्ट पुरी होते. अकलोली व गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे सकाळी आठच्या आत गाठावीत, कारण नंतर तिथे कपडे ठेवायलाही जागा उरत नाही. कुंडाकाठचा दगड शेवाळलेला असतो, त्यामुळे वृद्धांचा हात धरूनच पायऱ्या उतराव्यात.

महड आणि पाली. अष्टविनायकांपैकी ही दोन स्थाने एका दिवसात आरामात होतात. आधी खोपोलीच्या अलीकडचा महडचा वरदविनायक आणि मग खोपोली-पाली रस्त्याने पालीचा बल्लाळेश्वर, हा क्रम योग्य. पालीला वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी दिलेली म्हणून दाखवली जाणारी घंटा आहे आणि मंदिरामागे सरसगड उभा आहे. जवळच उन्हेरे येथे गरम पाण्याचे झरे आहेत. संकष्टी, विनायकी आणि मंगळवार हे दिवस टाळावेत.

इथे एक सावधगिरीची सूचना. वरदविनायकाचे गाव महड आणि चवदार तळ्याचे गाव महाड ही दोन वेगळी गावे असून रोमन लिपीत ती सारखीच लिहिली जातात. आमच्या शेजाऱ्यांनी नकाशात नुसते गावाचे नाव टाकले आणि माणगाव ओलांडल्यावर त्यांना शंका आली. नकाशात नेहमी मंदिराचे किंवा किल्ल्याचे नाव टाकावे, नुसत्या गावाचे नाही. पाली रत्नागिरीकडेही आहे आणि माहीम पालघरकडेही आहे.

माथेरान. गाडीची सहल म्हणून माथेरान थोडे विचित्र आहे, कारण गावात वाहनांना बंदी आहे आणि गाडी दस्तुरी नाक्यावर ठेवावी लागते. तिथे गाडीचे शुल्क आणि प्रवेश-कर भरून पुढे पायी, घोड्यावर, ई-रिक्षाने किंवा अमन लॉज स्थानकावरून सुटणाऱ्या शटल रेल्वेने जाता येते. नाक्यावर कोणी "आज शटल बंद आहे, घोडाच करावा लागेल" असे सांगितले, तर त्यावर विश्वास न ठेवता दोन मिनिटे चालून स्थानकावर स्वतः चौकशी करावी. नेरळहून वर येणारी १९०७ सालची छोटी रेल्वेगाडी हे मुलांचे मोठे आकर्षण असते. मात्र तिने जायचे असेल, तर चारचाकी नेरळलाच ठेवून वेळापत्रक आधी पाहावे.

अलिबाग. हे ठिकाण तिसऱ्या किंवा चौथ्या सहलीसाठी ठेवावे, कारण इथे रस्त्यासोबत समुद्राचेही वेळापत्रक सांभाळावे लागते. मावशींनी त्या दिवशी सांगितलेला आणि किनाऱ्यावरच्या कोळ्यांना सवयीचा असलेला हिशेब असा आहे : शुद्ध किंवा वद्य पक्षातल्या तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी; येईल ती पूर्ण भरतीची अंदाजे वेळ, दिवसाचीही आणि रात्रीचीही. षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे दुपारी साडेचारला पूर्ण भरती. पूर्ण ओहोटी तिच्या सुमारे सव्वासहा तास आधी किंवा नंतर, म्हणजे सकाळी सव्वादहाला. आम्ही अडीच वाजता पोहोचलो होतो, तेव्हा पाणी चढत होते. किल्ल्याकडे चालत जाण्यासाठी पूर्ण ओहोटीच्या आधीचा तास-दीड तास आणि नंतरचा तेवढाच वेळ मिळतो.

यात आणखी एक बारकावा आहे. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची, भरती-ओहोटी असते आणि समुद्र फार मागे हटत नाही, त्यामुळे पूर्ण ओहोटीलाही वाटेवर गुडघाभर पाणी राहू शकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला समुद्र खूप दूर जातो, पण ती ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास येते. पहाटे निघून सकाळी पोहोचणाऱ्यासाठी तृतीया ते पंचमी हे दिवस मला सर्वांत सोयीचे वाटतात. हा हिशेब अंदाजाचा असल्याने आदल्या दिवशी भरती-ओहोटीचे छापील कोष्टक पाहावे आणि किनाऱ्यावर पोहोचल्यावर घोडागाडीवाल्यांना विचारूनच पाण्यात पाऊल टाकावे. किल्ल्यातले गणपतीचे मंदिर आणि चहूबाजूंनी खारे पाणी असताना आत असलेले गोड्या पाण्याचे टाके यांसाठी पाऊण तास पुरतो. परतीची वाट पाण्याखाली जाण्यापूर्वी निघायचे आहे, हे आत रमलेल्या मंडळींना सतत सांगत राहावे लागते.

अलिबागला रस्त्याने जायचे नसेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत गाडीसह नेणारी रो-रो बोट आहे. समुद्रावरचा हा प्रवास सुमारे तासाभराचा असतो. गाडीची जागा आधी आरक्षित करावी लागते आणि परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ तिकीट काढतानाच लिहून घ्यावी. गेटवेहून सुटणाऱ्या प्रवासी बोटी पावसाळ्यात बंद असतात. रो-रो हवामान पाहून चालते.

४. कागदपत्रे आणि टोल यांची तयारी करा

आदल्या रात्री पुढील गोष्टी तपासाव्यात :

- वाहन चालवण्याचा परवाना, गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि पीयूसी (प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र). डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधील प्रती चालतात, परंतु घाटात नेटवर्क जाते. म्हणून मूळ किंवा छापील प्रती गाडीत ठेवाव्यात.
- सीएनजी गाडी असल्यास टाकीच्या तपासणीचे प्रमाणपत्र. ही तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते.
- ज्येष्ठांची ओळखपत्रे, औषधे आणि औषधांची चिठ्ठी.
- फास्टॅगमधील शिल्लक.

सर्वाधिक विसरली जाणारी गोष्ट म्हणजे पीयूसीची मुदत. विम्याची आठवण कंपनी दहा वेळा करून देते, पीयूसीची आठवण फक्त वाहतूक पोलीस करून देतो.

टोलच्या बाबतीत दोन गोष्टी नव्या माणसाला माहीत नसतात. पहिली, मुंबईच्या वेशीवरच्या दहिसर, आनंदनगर, मुलुंड, ऐरोली आणि वाशी या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल माफ आहे. दुसरी, १५ ऑगस्ट २०२५ पासून ३,००० रुपयांना मिळू लागलेला फास्टॅग वार्षिक पास वर्षभर किंवा २०० फेऱ्यांपर्यंत चालतो, पण तो राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग यांवर तो चालत नाही आणि तिथे फास्टॅगमधून नेहमीप्रमाणे पैसे कापले जातात. पास आहे म्हणून शिल्लक शून्यावर ठेवणारे लोक द्रुतगती मार्गावरच्या खालापूर नाक्याला अडकतात. राष्ट्रीय महामार्गावर फास्टॅग चालला नाही, तर यूपीआयने सव्वापट टोल द्यावा लागतो.

स्वतःची गाडी नसेल आणि चालवण्यासाठी भाड्याने घ्यायची असेल, तर तिची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असल्याची खात्री करावी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी "ओळखीतली आहे" म्हणून भाड्याने देणारे पुष्कळ असतात, पण अपघात झाल्यास विमा मिळताना त्याचा त्रास चालवणाऱ्याला होतो.

५. गाडी आणि सामान आदल्या दिवशी तपासा

टायरमधील हवा, स्टेपनीतली हवा, ब्रेक, वायपर आणि कूलंट एवढे पाहिले तरी पुरते. इंधन रात्रीच भरावे. सीएनजीची रांग पहाटे कमी असेल हा समज चुकीचा आहे, कारण त्याच वेळी रिक्षा आणि टॅक्सी उभ्या असतात. सीएनजीवर घाट चढताना गाडीची ओढ कमी पडते, म्हणून टाकीत थोडे पेट्रोलही असावे.

सोबत पाच-सहा लिटर पिण्याचे पाणी, ओकारी होणाऱ्यांसाठी पिशव्या, टॉवेल, कोरडे कपडे, सुटे पैसे, विजेरी आणि नकाशाचा ऑफलाइन भाग असावा. मागे बसणाऱ्यांनाही सीटबेल्ट बंधनकारक आहे. आमच्या आईला तो अडकवून घेणे आवडत नव्हते, म्हणून बाबांनी तिला साडीच्या पदरावरून तो कसा घ्यायचा हे घरासमोर गाडी उभी असतानाच शिकवले. रस्त्यावर असे शिकवण्यात वेळ आणि शांतता दोन्ही जातात.

६. घाटात उतरण्याची सवय करून घ्या

मैदानी भागातून आलेल्या चालकाला चढाची भीती वाटते, परंतु धोका उतरताना जास्त असतो. ज्या गिअरमध्ये चढ चढता येतो, त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या ट्रकचालकांचा नियम आहे. माथेरानहून नेरळला पहिल्यांदा उतरताना मी तिसऱ्या गिअरमध्ये सतत ब्रेक दाबत होतो. चौथ्या वळणावर जळक्या रबरासारखा वास आला आणि पाय दाबूनही ब्रेक पूर्वीसारखा लागेना. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून कडेला घेतली आणि चाके निवेपर्यंत अर्धा तास बसून राहिलो. गरम झालेल्या चाकांवर पाणी ओतू नये, ती आपोआप निवू द्यावीत. चढून येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी आणि अंध वळणावर हॉर्न वाजवावा.

७. पावसाळ्यात वेगळा विचार करा

जून ते सप्टेंबर हा सह्याद्री पाहण्याचा सर्वांत सुंदर आणि सर्वांत फसवा काळ आहे. लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पाणी घोट्याएवढे दिसत असताना वरच्या डोंगरावर पडलेला पाऊस काही मिनिटांत खाली येतो आणि मधल्या खडकावर उभ्या असलेल्या माणसाला काठ गाठता येत नाही. म्हणून धबधबा काठावरूनच पाहावा आणि पाण्याचा रंग गढूळ होऊ लागताच मागे यावे.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. हवामान विभागाचा त्या जिल्ह्यासाठी नारिंगी किंवा लाल इशारा असेल, तर बेत रद्द करावा. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात धबधबे, धरणे आणि किल्ल्यांवर अनेकदा प्रतिबंधात्मक आदेश काढते. तेही आदल्या दिवशी तपासावेत, नाहीतर दोन तास गाडी चालवून बंदोबस्तावरच्या पोलिसांना भेटून परत यावे लागते. माळशेज घाटात मुसळधार पावसात दरडी पडतात आणि धुक्यात दहा पावलांवरचे दिसत नाही, त्यामुळे नव्या चालकाने तो पहिल्या पावसाळ्यात टाळावा. अडचण आल्यास ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर असल्यास १०३३ हे क्रमांक उपयोगी पडतात.

पावसाळ्यातला माझा आवडता पर्याय अंबरनाथ आहे. इसवी सन १०६० च्या शिलाहारकालीन शिवमंदिराचा काळा दगड पावसात भिजला की त्यावरचे कोरीव काम अधिक उठून दिसते, घाट लागत नाही आणि दुपारी जेवायला घरी येता येते.

८. खाणे, स्वच्छतागृह आणि सोमवार

जेवणाची जागा आधी ठरवावी आणि बारालाच जेवून घ्यावे; एकनंतर चांगल्या खाणावळींबाहेर नावे लिहून उभे राहावे लागते. वृद्ध आणि स्त्रिया सोबत असतील तर स्वच्छतागृह कुठे आहे, हे ठिकाण निवडतानाच पाहावे. किल्ले आणि किनाऱ्यांवर ही सोय बेभरवशाची असते, त्यामुळे वाटेतल्या मोठ्या पेट्रोल पंपावर सर्वांना एकदा उतरवावे. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि त्यातली कान्हेरीची लेणी सोमवारी बंद असतात, तेव्हा आठवड्यातली सुट्टी सोमवारी असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

जानेवारी-फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यात गेलात तर पोपटी चुकवू नये. भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा, बटाटे आणि हवी असल्यास अंडी किंवा कोंबडी भरून मडके उपडे ठेवतात आणि त्याभोवती जाळ करतात. ती शेतावर सांगून करून घ्यावी लागते आणि तिला वेळही लागतो. म्हणून पोहोचताक्षणी सांगावे आणि मगच किनाऱ्यावर जावे.

९. परतीला निघताना

निघण्याची ठरलेली वेळ सर्वांना सकाळीच सांगून ठेवावी आणि त्याआधी पंधरा मिनिटे मुलांचे ओले कपडे बदलावेत, कारण "पाचच मिनिटे" म्हणून पाण्यात राहिलेली मुले वडखळच्या कोंडीत पाऊण तास खातात. चालकाने जेवणानंतर लगेच गाडी हाती घेऊ नये; वीस मिनिटे झाडाखाली डोळे मिटून पडावे आणि तेवढा वेळ हिशेबात आधीच धरलेला असावा. अलिबागहून येत असाल आणि उन्हाळा सुरू झालेला असेल, तर पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्याकडेला टांगलेल्या दिसतात. गाडी पूर्ण कडेला घेऊनच उतरावे, माळेचे कांदे दाबून पाहावेत आणि माळ मागच्या सीटवर न ठेवता डिकीत ठेवावी. नाहीतर काचा बंद करून एसी लावल्यावर वाशीच्या पुलापर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी येते.